पहाट अडवणाऱ्याची हजेरी

अमेरिकेतल्या अपाची आदिवासींचा लढवय्या जेरोनिमो याने एकदा पहाट अडवून धरली होती, असं त्याच्याबरोबर राहिलेले लोक पुढे कित्येक वर्षं सांगत. टोळीला उघडं माळरान ओलांडायचं होतं, उजाडलं असतं तर सैनिकांनी टिपलंच असतं. मग तो गायला लागला आणि रात्र दोन-तीन तास लांबली. सांगणारे ऐकीव म्हणून सांगत नसत, आम्ही तिथे होतो असं म्हणत.

एका दिवाळी अंकासाठी मी अद्भुतकथा कबूल केली होती, ती याच धाग्यावर. कथा साधी: अमेरिकी सरकारने अपाचींना जिथे ठेवलं त्या सॅन कार्लोसच्या राखीव क्षेत्रात सकाळची शिरगणती व्हायची असते, जेरोनिमो गातो, उजाडतच नाही, आणि कारकून वही उघडून बसून राहतो. इथवर झकास जमलं. पण पहाट अडवणारा माणूस एरवी दिवसभर तिथे काय करतो, खातो काय, कुणाशी भांडतो, हे लिहायला बसले की लेखणी अडायची. आम्ही राहतो ॲरिझोनात, चँडलरला, म्हणजे हे सगळं आमच्यापासून दीड-दोन तासांवर. शिवाय सोलापूरहून सासरे, म्हणजे आमचे बाबा, आले होते आणि मॉल बघून कंटाळले होते. मार्चअखेरची जोडून सुट्टी काढली आणि निघालो.

गुरुवार: ओक फ्लॅट, पेरिडॉट, सॅन कार्लोसचं तळं

सुपिरियर गाव मागे टाकलं की रस्ता खडकांतून वर चढतो आणि ओक फ्लॅटचं पठार लागतं. दिसायला काही भव्य नाही. ओकची बुटकी झाडं, गोलसर दगड, चार तंबू. पण अपाची लोकांसाठी ही पवित्र जागा आहे, आणि तिच्या पोटात तांबं आहे. तांब्याच्या खाणीवरून इथे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत. या ओकची फळं उन्हाळ्यात वेचून, दळून त्यांचं पीठ मांसाच्या रश्शात घालतात. बाबांनी एक वाळकं फळ उचलून दाताखाली धरलं आणि "कडू नाही गं फारसं" असा निर्वाळा दिला.

ग्लोब ओलांडल्यावर हायवे ७० वर राखीव क्षेत्र सुरू होतं. कुठलीही कमान नाही, पहारा नाही. एक पाटी आणि पुढे कॅसिनो. पेरिडॉट हे गावाचं नाव तिथल्या हिरव्या खड्यावरून पडलंय. ज्वालामुखीच्या काळ्या दगडात हे खडे असतात आणि जगातल्या नावाजलेल्या खाणींत या पठाराची गणना होते. पाऊस मनासारखा झाला असेल तर मार्चमध्ये त्याच पठारावर केशरी पॉपीचा गालिचा पसरतो. यंदा गालिचा नव्हता, तुरळक फुलं होती. आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

सॅन कार्लोस अपाची संस्कृती केंद्र हायवेलगतच आहे. लहानसं आहे, पण घाईने उरकू नका. टोपल्यांच्या झालरीला टांगलेले पत्र्याचे शंकू, वयात आलेल्या मुलींचा सूर्योदयाचा विधी, आणि मधोमध राखीव क्षेत्राची हकीकत, त्यांनी स्वतः सांगितलेली. सॅन कार्लोस १८७२ साली स्थापन झालं. वॉशिंग्टनला वाटलं, वेगवेगळ्या अपाची टोळ्या एकाच ठिकाणी कोंबल्या की खर्च वाचेल. त्यातल्या काही एकमेकींच्या वैरी होत्या. जागा हीला नदीकाठची, खोलगट, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, वर हिवताप. सैनिकच तिला 'नरकाची चाळीस एकर' म्हणत.

जेरोनिमो इथे आला तो बेड्यांत. १८७७ च्या एप्रिलमध्ये राखीव क्षेत्राचा कारभार बघणाऱ्या जॉन क्लम नावाच्या तरुण सरकारी एजंटने न्यू मेक्सिकोत ओहो कालिएंते इथे त्याला बोलणी करायला बोलावलं. कोठाराच्या इमारतीत अपाची पोलीस आधीच लपवून ठेवले होते. क्लमला त्याला फासावर चढवायचं होतं, पण वरिष्ठांशी भांडून क्लमनेच राजीनामा दिला आणि नव्या माणसाने जेरोनिमोला सोडून दिलं. पुढे क्लमने टूमस्टोन गावात वर्तमानपत्र काढलं, ही आणखी एक गंमत.

सुटल्यावर काय? बिल्ला. इथल्या पुरुषांना गळ्यात धातूचा बिल्ला घालावा लागे, त्यावर टोळीची खूण आणि माणसाचा नंबर. हजेरी, मग रेशन: गोमांस, पीठ, थोडी साखर, कॉफी. मी हे मोबाइलवरच्या टिपणांतून वाचून दाखवत होते. बाबा मध्येच म्हणाले, "म्हणजे आमचं सेटलमेंटच की."

मी सोलापूरची सून, सेटलमेंट हा तिथला भाग आहे एवढं मला माहीत होतं. नाव कशावरून पडलं याचा विचार कधी केला नव्हता. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात ठेवल्या. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट. बाबांचे वडील गिरणीत होते. त्यांच्या खात्यात सेटलमेंटमधली माणसं कामाला यायची. हजेरी चुकली की शिक्षा. कायदा १९५२ ला गेला, तेव्हा बाबा अगदी लहान होते. "पण म्हातारी माणसं भोंगा झाला की उठून उभी राहायची, ते मी पाहिलंय," ते म्हणाले. मग बराच वेळ टोपल्यांसमोर उभे राहिले.

बाहेर एका बाईंचा फ्रायब्रेडचा ठेला होता. वयाने बाबांएवढ्याच असतील. आमच्यासमोर गोळा थापून तेलात सोडला. टम्म फुगला तो थेट भटुऱ्यासारखा. रश्शात गोमांस होतं म्हणून बाबांनी वर राजमा घेतला आणि पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून त्यावर भुरभुरवली. बाईंनी हात पुढे केला, चिमूटभर चाखली, आणि आणखी मागितली. हे चपटं तळण रेशनच्या मैद्यातून आणि चरबीतून जन्माला आलं, असं त्या म्हणाल्या. "आम्हाला आवडतं, पण आजी म्हणायची, हे आपलं जेवण नव्हे." मी जेरोनिमोबद्दल विचारलं. त्या हसल्या. "सगळे त्याचंच विचारतात. तो चिरिकावा होता, दुसऱ्या अपाची टोळीचा. इथे पाहुणा होता, तोही सारखा पळून जाणारा."

(हायवे आणि मुख्य रस्ता सोडून कुठेही जायचं असेल, तळ्यावर वा पठारावर, तर जमातीच्या वन्यजीव विभागाचा परवाना आधी काढा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, विधींचे तर नाहीच.)

संध्याकाळी तळ्यावर गेलो. जुनी एजन्सी म्हणजे एजंटची कचेरी, ते हजेरीचं मैदान, कोठार, सगळं या तळ्याखाली आहे. कूलिज धरणाचं उद्घाटन १९३० मध्ये झालं, आडव्या भिंतीऐवजी काँक्रीटचे तीन प्रचंड घुमट. अपाची लोकांनी आपल्या मृतांना पाण्याखाली घालायला विरोध केला, तेव्हा दफनभूमीवर काँक्रीटची लादी ओतली गेली आणि मग पाणी सोडलं. पाणी मात्र फारसं आलंच नाही. उद्घाटनाला आलेला विनोदवीर विल रॉजर्स म्हणाला होता, हे तळं माझं असतं तर मी त्यातलं गवत कापलं असतं. आम्हालाही गवत, चिखल आणि लांबवर एक चकाकती पट्टी दिसली.

शुक्रवार: फोर्ट अपाची

ग्लोबमध्ये मुक्काम केला, सकाळी हायवे ६० धरला. सॉल्ट नदीची दरी अचानक उघडते. रस्ता वळणं घेत खाली नदीपर्यंत उतरतो आणि तेवढाच पुन्हा चढतो. गाडी लागत असेल तर ग्लोबमध्ये भरपेट मेक्सिकन न्याहारी करू नका. आम्ही केली होती.

पुढे सिबेक्यूचा फाटा लागतो. १८८१ च्या ऑगस्टमध्ये तिथे एका अपाची वैद्याला सैनिक पकडायला गेले. मेलेले सरदार परत येतील असं तो सांगत असे, आणि लोक त्याच्याभोवती नाचायला जमत. झटापटीत तो मारला गेला. मग राखीव क्षेत्रात सैन्य वाढलं, अफवा पसरल्या, आणि महिन्याभरात जेरोनिमो मेक्सिकोच्या डोंगरांत पसार झाला. मला माझ्या कथेत एकच चमत्कार हवा होता. इथे चमत्काराच्या नुसत्या बोलण्यावरून फौज निघत होती.

फोर्ट अपाची थंड निघालं. काल घामाघूम झालो होतो आणि आज पाइनच्या झाडांवरून बर्फाचे कण येत होते. किल्ला म्हणजे तट-बुरूज नव्हे. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची रांग, परेडचं मैदान, इथल्या फौजेचा प्रमुख जनरल क्रूक याची ओंडक्यांची खोली. सैन्य गेल्यावर इमारतींत मुलांची वसतिशाळा भरवली, जिथे अपाची बोलायला बंदी होती. आता सगळा परिसर व्हाइट माउंटन अपाची जमातीच्या ताब्यात आहे आणि त्यांचं संग्रहालय उत्तम आहे. तिथूनच परवाना घेऊन किनिश्बाचे जुने दगडी अवशेषही बघता येतात.

माझ्या कथेची खरी जागा इथून नैर्ऋत्येला, टर्की क्रीकवर. तिथवर रस्ता नाही, आणि लोकांच्या रानात घुसायची आमची इच्छाही नव्हती. म्हणून परेडच्या मैदानावर, एका बाकावर, अंगावर शाली घेऊन मी ती हकीकत बाबांना सांगितली.

१८८३ मध्ये क्रूकने मेक्सिकोच्या डोंगरांत शिरून चिरिकावांना परत यायला राजी केलं. जेरोनिमो १८८४ च्या सुरुवातीला आला. त्यांना सॅन कार्लोसच्या भट्टीऐवजी टर्की क्रीकवर जागा मिळाली: पाणी, पाइन, शिकार. देखरेखीला ब्रिटन डेव्हिस नावाचा तरुण लेफ्टनंट, तंबूत राहणारा. जेरोनिमोने थोडीबहुत मका लावली. वर्षभर बरं चाललं. मग दोन मनाई हुकमांवरून ठिणगी पडली. मक्याची घरगुती दारू, टिझ्विन, करायची नाही. आणि बायकांना मारायचं नाही, नाकं कापायची नाहीत. दुसरी बंदी ऐकून बाबा म्हणाले, "ही तर बरोबरच होती." होतीच. म्हणून तर ही गोष्ट सरळ लिहिता येत नाही.

त्यात अफवा. दुभाषा होता मिकी फ्री. जेरोनिमोचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. हा आणि स्काउटांचा, म्हणजे फौजेसाठी माग काढणाऱ्या अपाचींचा, सार्जंट चाटो आपल्याकडे बघून गळा कापल्याची खूण करतात, अशी त्याची तक्रार होती. १८८५ च्या मे महिन्यात सगळे म्होरके मिळून डेव्हिसच्या तंबूसमोर आले. आम्ही सगळ्यांनीच प्यायली आहे, आता काय करणार, एवढ्यांना मावेल असा तुरुंग आहे का तुमच्याकडे? डेव्हिसने क्रूकला तार केली. ती जायला हवी होती सॅन कार्लोसच्या कॅप्टन पिअर्समार्फत. पिअर्स नवखा. त्याने मुरलेला स्काउटप्रमुख अल सीबर याला उठवून विचारलं. सीबर स्वतःच रात्रीच्या दारूने आडवा झाला होता. तो म्हणाला, नेहमीचा टिझ्विनचा गोंधळ आहे, डेव्हिस बघून घेईल. तार फायलीत गेली.

दोन दिवस उत्तर नाही. म्होरक्यांनी त्याचा अर्थ लावला की फौज निघाली असणार. १७ मेला जेरोनिमो, चिरिकावांचा सरदार नाइचे आणि बायकामुलांसह सुमारे १४० जण निघून गेले, जाताना तारायंत्राची लाइनही तोडली. ती तार मला वेळेत मिळाली असती तर हे घडलंच नसतं, असं क्रूक पुढे म्हणत राहिला. मी पहाट अडवण्याची कथा रचत होते. इथे एका झोपाळलेल्या माणसाने कूस बदलली आणि सव्वा वर्षाचं युद्ध झालं.

बाबांनी विचारलं, "आणि बाकीचे? सगळे नाही ना गेले?" नाही. तीन चतुर्थांश चिरिकावा टर्की क्रीकवरच राहिले, शेती करत. हा प्रश्न पुढे सोमवारपर्यंत आमच्याबरोबर फिरत राहिला.

मुक्काम पाइनटॉपला. रात्री खोलीबाहेर बर्फ, आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सोलापूरहून आलेल्या त्या भाकऱ्या अजून तशाच होत्या.

शनिवार: नुसता रस्ता

उलट पावली ग्लोब, मग सॅफर्डवरून विलकॉक्स. सॅफर्डकडे जाताना पेट्रोलची टाकी अर्धी असेल तरी भरून घ्या. विलकॉक्सला वाऱ्याने गाडीचं दार हातातून हिसकावलं. सफरचंदाचा पाय खाल्ला. झोपलो.

रविवार: फोर्ट बोवी

सगळ्या प्रवासात मला सर्वांत आवडलेली जागा. मुद्दाम अशी ठेवली आहे की पायी गेल्याशिवाय समजू नये. मातीच्या रस्त्याकडेला गाडी लावायची आणि दीड मैल चालायचं, परत तेवढंच. (चालणं जमत नसेल तर आधी फोन करा, मागच्या बाजूने गाडी नेता येते. मी बाबांसाठी विचारून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "मी काय म्हातारा आहे का?" आणि पुढे चालू लागले.) पाणी भरपूर घ्या, सावली नाही. ऊन वाढलं की पाऊल टाकण्याआधी दगडामागे बघा, खुळखुळ्या सापांचा भाग आहे.

वाटेत टपाल-घोडागाडीच्या ठाण्याचा चौथरा लागतो. फेब्रुवारी १८६१ मध्ये इथेच जवळ लेफ्टनंट बॅस्कमने चिरिकावांचा सरदार कोचीस याला तंबूत बोलावून, एका मुलाच्या अपहरणाचा आळ घेऊन, अटक करायचा प्रयत्न केला. कोचीस कनात फाडून निसटला. त्याच्या भावाला आणि पुतण्यांना फाशी दिलं गेलं, दहाएक वर्षं रक्त सांडलं. कोचीसने तो मुलगा पळवलाच नव्हता. तो मुलगा दुसऱ्या अपाचींमध्ये वाढला आणि मोठेपणी मिकी फ्री झाला. हो, तोच दुभाषा. हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'योगायोग फार' म्हणून परत पाठवलं असतं.

ठाण्यापुढे दफनभूमी. लाकडी फळ्यांत एक फळी लहानशी: लिटल रोब, जेरोनिमोचा मुलगा, वय दोन वर्षं, सप्टेंबर १८८५. टर्की क्रीक सोडून चार महिनेही झाले नव्हते. जेरोनिमोची आई, पहिली बायको आणि तीन मुलं १८५१ मध्ये मेक्सिकन सैनिकांनी मारली होती, तेव्हापासून त्याचं हे लढणं सुरू होतं. बाबांनी चप्पल काढली. मग आम्हीही बूट काढले आणि काटे मोडून घेतले.

पुढे अपाची झरा. या रखरखाटात बारमाही पाणी, म्हणून घोडागाडीही इथूनच, लढाईही इथेच आणि १८६२ मध्ये किल्लाही इथेच. धार हाताच्या बोटाएवढी आहे.

किल्ल्याच्या मातीच्या भिंती आता कमरेएवढ्या उरल्या आहेत. शेवटाला इथे नुसती धावपळ होती. पाच हजारांच्या आसपास सैनिक, म्हणजे अमेरिकेच्या फौजेचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि समोर बायकामुलांसह चाळिशीच्या आतली माणसं. क्रूकच्या जागी आलेल्या जनरल माइल्सने डोंगराडोंगरांवर आरसे बसवून उन्हाच्या कवडशांनी निरोप धाडायची साखळी उभारली. एक जण रात्र लांबवतो म्हणे, दुसरा उन्हाला कामाला लावतो. कथेसाठी हे मी लगेच टिपून घेतलं.

दुपारी चिरिकावा राष्ट्रीय स्मारकात दगडांचे सुळके पाहिले, हजारोंनी, उभे. गाडी थेट मसाई पॉइंटपर्यंत जाते. मसाई हा कैद्यांच्या गाडीतून मिसुरीत उडी टाकून, शेकडो मैल चालत घरी परतलेला अपाची. बाबांचे गुडघे मात्र आता बोलायला लागले होते, त्यामुळे आम्ही चाललो नाही.

सोमवार: हायवे ८०

न्यू मेक्सिकोच्या सीमेलगत, अपाची नावाच्या जवळजवळ निर्मनुष्य ठिकाणी, रस्त्याच्या कडेला दगडी स्तंभ आहे, १९३४ चा. मागच्या डोंगरांत स्केलेटन कॅन्यन. ४ सप्टेंबर १८८६ ला जेरोनिमोने तिथे शस्त्रं ठेवली. त्याला स्तंभावर शेवटचा अपाची सरदार म्हटलंय. सरदार खरं तर कोचीसचा मुलगा नाइचे होता. जेरोनिमो वैद्य होता, लढवय्या होता, त्याच्या मंत्रांवर लोकांचा विश्वास होता.

स्तंभावर दोन अपाची स्काउटांचीही नावं आहेत, कायिटा आणि मार्टिन. जिवावर उदार होऊन तेच निरोप घेऊन जेरोनिमोच्या तळावर चढले. पुढे काय झालं ते दगडावर नाही. ८ सप्टेंबरला फोर्ट बोवीच्या बँडने निरोपाची धून वाजवली, कैदी बोवी स्टेशनवरून फ्लोरिडाच्या गाडीत चढले, आणि फौजेची ही दोन माणसंही कैदी म्हणून फ्लोरिडाला धाडली गेली.

आणि बाबांचे 'बाकीचे'? टर्की क्रीकवर मका लावत बसलेले, कुठेही न पळालेले, चारशेच्या आसपास. तेही फ्लोरिडाला. मग अलाबामा, मग १८९४ ला ओक्लाहोमातलं फोर्ट सिल. जेरोनिमो तिथे कलिंगडं पिकवायचा, जत्रांमध्ये स्वतःचे फोटो विकायचा. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या मिरवणुकीत घोड्यावर बसला आणि ॲरिझोनाला परत जाऊ द्या असं त्याने विनवलं. नकार मिळाला. १९०९ मध्ये तो कैदी म्हणूनच गेला. बाकीच्यांची सुटका १९१३ साली. तोवर २७ वर्षं.

डग्लसला जेवायला थांबलो तेव्हा बाबांनी चाटोचं विचारलं. त्या सार्जंटची बायको आणि मुलं मेक्सिकोत कैदेत होती. ती सोडवून आणा, एवढंच मागायला तो १८८६ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला गेला. तिथे त्याला पदक आणि प्रशस्तिपत्र दिलं. परतीच्या वाटेवर त्याला अडकवून फ्लोरिडाला धाडलं. बायको-मुलं कधीच मिळाली नाहीत. सुटल्यावर तो न्यू मेक्सिकोत मेस्कालेरोला राहिला आणि १९३४ मध्ये मोटार अपघातात वारला.

"पदक फेकून दिलं असेल," बाबा म्हणाले.

"नाही. म्हातारपणीच्या फोटोत गळ्यात आहे."

नवरा बिल द्यायला उठला. बाबांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाले, "मग तुझी गोष्ट त्याची लिही की. पळणाऱ्यावर सगळेच लिहितात."

टूसॉनपर्यंत मी मागच्या सीटवर मुद्दे काढत होते. जेरोनिमोची पहाट राहील, पण दुसऱ्या पानावर आणि लांबून. टर्की क्रीकवर मक्याला पाणी देणाऱ्या माणसाला त्या दिवशी उजाडायला उशीर झाल्यासारखं वाटेल, तो वर बघेल, आणि पुन्हा वाफा धरेल. अंकाची मुदत जूनअखेर आहे.